शेंगा लागल्या कारण ती चवळीच होती

टेरेसवर पालेभाजी लावायची म्हणून तुम्ही दुकानात चवळीचं बी मागितलं, पेरलं, आणि आला शेंगांचा वेल. आता विचारताय की दुकानदारानं फसवलं का, आणि चवळी, चवळई, तांदुळजा ही एकाच भाजीची नावं आहेत का. फसवलं अजिबात नाही हो, तुम्ही चवळी मागितलीत आणि त्यानं चवळीच दिली, उसळीची, काळ्या डोळ्याची. तुम्हाला हवी होती चवळई.

बोलताना शेवटच्या ‘अई’तला ‘अ’ गिळला जातो आणि मुंबईत तर भाजीवाल्या मावशी सर्रास ‘चवळीची जुडी’ म्हणत चवळईच हातात देतात, त्यामुळे घोटाळा होणारच. पण शब्द दोन आहेत. चवळई ही हिंदीतल्या चौलाईची सख्खी बहीण, आपण चौदाला चवदा, चौथ्याला चवथा म्हणतो ना तसंच हे चौ आणि चव, शिवाय ल चा ळ. तांदुळजा म्हणजे हीच भाजी, पण तो शब्द थेट संस्कृत तण्डुलीयवरून आलाय, त्यात चक्क तांदूळ आहे बघा. माठ याच गोतावळ्यातला, ऋषिपंचमीच्या भाजीत ज्याचे जाड देठ पडतात तो, आणि उपासाचा राजगिराही यांचाच भाऊबंद. मला विचाराल तर तांदुळजाच म्हणावं, इतका नेमका शब्द शहरात ऐकूच येईनासा झालाय याचं खरंच वाईट वाटतं.

आता नवीन बी आणाल तेव्हा पाकिटावरच्या नावापेक्षा बी बघा. खसखशीएवढं, काळंभोर, चकचकीत, चिमटीत धरलं तर निसटतं. आमची आजी ते मूठभर वाळूत कालवून फेकायची म्हणजे एकाच जागी दाट पडत नाही, वर मातीचा नुसता पातळ थर, आणि पाणी हातानं शिंपडायचं, धार सोडली की बी वाहून एका कोपऱ्यात गोळा होतं. एप्रिल-मेच्या उन्हात मेथी-पालक माना टाकतात तेव्हा ही जोमात असते, साधारण महिन्याभरात खुडायला येते. उपटू नका, शेंडे खुडा, बाजूनं फुटवे येतात. तुरे दिसायला लागले की पानं जून होतात, त्याआधीच खाऊन घ्या.

आणि तो शेंगांचा वेल काढून टाकू नका हं, शेंगा कोवळ्या असतानाच तोडा, बटाटा घालून फार छान भाजी होते.