आधी लावणीला या, मग पाया खणा

मेलबर्नहून आलेलं पत्र दोनदा वाचलं. पत्र लिहिणाऱ्यांच्या आजोबांची देवगड तालुक्यात वीस गुंठे जागा आहे. घर पडून पंधरा वर्षं झाली, आता फक्त जोतं आणि तुळशीवृंदावन उरलंय. वाडीपासून पंधरा मिनिटं पायवाट, विजेचा खांब नाही, नळ नाही. तिथे सौर विजेवर आणि पावसाच्या पाण्यावर चालणारं लहानसं घर स्वतः राबून बांधायचं आहे. मुलगी बारा वर्षांची, मुलगा नऊ. 'आपलं मूळ काय ते मुलांना कळावं, एवढीच इच्छा आहे. डिसेंबरच्या सुट्टीत काम सुरू करता येईल का?'

डिसेंबरात सुरू करू नका. घर जरूर बांधा, पण त्याआधी एकदा पावसात येऊन राहा. तुमच्याकडे जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत शाळांना दोन आठवडे सुट्टी असते, आणि आमच्याकडे नेमकी तेव्हाच भाताच्या लावणीची घाई असते. वाडीत चुलत्यांच्या घरी राहा. मुलांना पहाटे तरवा, म्हणजे भाताची रोपं, काढायला पाठवा, गुडघाभर चिखलात उभं करा. सोबत कोण कोण आहे, कोण कोणाची काकी आणि कोण वहिनी, हे त्यांना त्या बांधावर भाकरी खाताना जेवढं कळेल तेवढं तुम्ही वर्षभर व्हिडिओ कॉलवर सांगून कळणार नाही. मुलगा इंग्रजीत उत्तर देईल, देऊ दे. चिखलात पाय रुतला की कोणाला हाक मारायची ते तो आपोआप शिकतो.

शिवाय घर कसं बांधायचं ते फक्त पाऊसच दाखवतो. तुम्ही ज्याला ऑफ-ग्रिड केबिन म्हणता तसलं घर आमच्याकडे पूर्वीपासून आहे, त्याला मांगर म्हणतात. वस्तीपासून लांब, बागेच्या राखणीला किंवा गुरांसाठी बांधलेला, चुलीवर आणि बावीच्या, म्हणजे विहिरीच्या, पाण्यावर चालणारा. मी आमचा मांगर नव्याने बांधला तेव्हा समुद्र दिसावा म्हणून नैऋत्येला मोठी काचेची खिडकी ठेवली. शेजारच्या आबांनी पाया आखतानाच सांगितलं होतं, 'पाऊस थंयसून येता, थंय खिडकी नको.' मी ऐकलं नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात झड लागली आणि पाणी चौकटीतून आत आलं, भिंतीवरून ओघळत जमिनीवर साचलं. चौथ्या दिवशी पलंगाची फळी फुगून वर आली. दिवाळीनंतर ती खिडकी चिऱ्यांनी बुजवली, वर फक्त हातभर झरोका ठेवला. आजही त्या भिंतीत नव्या चिऱ्यांचा चौकोन वेगळा दिसतो.

म्हणून तुमच्या आजोबांचं जोतं पाडू नका. दार कुठे होतं, पडवी कुठल्या अंगाला होती, पागोळ्यांचं पाणी कुठून वाहून जात होतं, ते त्या दगडांत अजून वाचता येतं. त्याच जोत्यावर जांभ्याच्या भिंती उभ्या करा. पडवी खोल ठेवा आणि पावसाळ्यात तिला झापांच्या, म्हणजे विणलेल्या माडाच्या झावळ्यांच्या, ताट्या लावा. छपराबद्दल माझं मत स्पष्ट आहे. कौलं मला प्रिय आहेत, पण दर मे महिन्यात ती परतावी लागतात आणि वानरांची टोळी एका दुपारी पन्नास कौलं फोडते. वर्षातून तीन आठवडे येणाऱ्याने लोखंडी सांगाड्यावर पत्रा आणि त्याच्यावर कौलं घालावीत. सांगाडा भिंतीत नीट जखडून घ्या. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगड आणि दापोली-मंडणगडात किती छपरं उडाली ते सगळ्यांनी पाहिलंय, आणि पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आपल्या किनाऱ्याला घासून गेलं.

पाण्याचा हिशेब तुम्हाला वाटतो त्याहून सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. आपल्याकडे वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पडतो, म्हणजे ५० चौरस मीटर छपरावर दीड लाख लिटर. तुम्ही चौघं तीन आठवडे राहणार, रोज २०० लिटर धरलं तरी ४,२०० लिटर. दहा हजार लिटरची झाकलेली टाकी पुष्कळ झाली. पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी बाहेर सोडा, छप्पर धुऊन निघू दे. पण टाकीच्या आधी जुनी बाव शोधा आणि उपसून घ्या. जांभा पाणी धरून ठेवत नाही, एवढा पाऊस पडूनही एप्रिलमध्ये बाया हंडे घेऊन फिरतात. तुमची बाव उपसली आणि तिला पाणी लागलं तर त्या पायवाटेवर वाडीतली माणसं पुन्हा येऊ लागतील, आणि तुम्ही नसताना त्या घराला तेच हवं आहे. संडासाचे शोषखड्डे बावीपासून किमान १५ मीटर लांब घ्या.

विजेला एक किलोवॉटची पॅनेल पुरतात. उन्हाळ्यात त्यातून दिवसाला चारेक युनिट मिळतात, त्यावर दिवे, पंखे आणि लहान फ्रिज चालतो. जुलैत कित्येक दिवस निम्मीही मिळत नाहीत. खाऱ्या हवेत साधे नटबोल्ट दोन वर्षांत गंजतात, स्टेनलेस स्टीलचेच घ्या. परत जाताना लिथियम बॅटरी अर्ध्यावर आणून बंद करा.

आता मुख्य गोष्ट. ते घर उरलेले अकरा महिने कोण उघडणार? चुलीचा धूर वाशांना लागत होता म्हणून जुनी घरं टिकली. कुलूपबंद घराला एका पावसात बुरशी धरते आणि दुसऱ्या पावसात चौकटीतून वाळवी चढते. आमच्याकडे खालच्या घरातली काकी दर शनिवारी येते, खिडक्या उघडते, चूल पेटवते, चटया उन्हात टाकते आणि आवारातला पाचोळा बघते, कारण गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, फटींत फुरसं हा विषारी साप असतो. मी तिला दर महिन्याला पैसे देते आणि बागेतले काजू तिचे, हे पहिल्या दिवशीच बोलून ठरलं. नातं आहे म्हणून फुकट करतील असं धरून चालू नका. अशा माणसाशी आधी बोलणं करा, गवंड्याशी नंतर. शिमग्यात देव घरोघरी येतो तेव्हा तुमचं दार उघडून ओटी भरायलाही कोणीतरी लागेल. विंचू-सापावरची औषधं असलेलं सर्वांत जवळचं सरकारी रुग्णालय कुठलं, हेही त्याच माणसाला विचारून ठेवा.

कागदांचं थोडक्यात सांगते. परदेशस्थ भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारसाने आलेली ठेवता येते. तेव्हा शेजारचा तुकडा घ्यायचा जो विचार तुम्ही लिहिलाय तो सोडा. सातबारा ऑनलाइन काढा. त्यावर आजोबांचं नाव असेल तर वारसनोंद आणि फेरफार आधी, बाकी सगळं नंतर. 'इतर हक्क' या रकान्यात कुळाचं, म्हणजे जमीन कसणाऱ्याचं, नाव आहे का तेही बघा. पडक्या घराचा ग्रामपंचायतीतला घर नंबर आणि घरपट्टीची जुनी पावती मिळाली तर परवानगीचं काम हलकं होतं. जागा समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आत असेल किंवा खाडीकाठी असेल तर सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे, नियम लागतात.

तुम्ही पत्रात एका ओळीत लिहून गेलात, 'दादरला एक आत्या आहेत, ७९ वर्षांच्या, त्यांच्याकडून हक्कसोड घ्यावं लागेल.' त्या ओळीपाशी मी थांबले. वडिलार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने तो दिला आणि ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मापासूनचा असल्याचं स्पष्ट केलं. आजोबा गेल्यापासून तुमचं त्यांच्याशी बोलणं नाही असं दिसतं. इतक्या वर्षांनी पहिला फोन हक्कसोडासाठी केलात तर मुळांशी जोडायचं म्हणता ते तिथेच तुटेल. त्यांचं नाव सातबाऱ्यावर लागू द्या. नकाशात त्यांच्यासाठी एक खोली काढा, जमिनीलगतची, पायऱ्या नसलेली. पुढे त्यांना हक्क सोडावासा वाटला तर तो त्यांचा निर्णय.

फोन याच आठवड्यात करा. मुलांनाही बोलू द्या, त्यांना जमेल त्या मराठीत. त्या त्याच घरात वाढल्या आहेत, तेव्हा जमिनीचं काही न बोलता एवढंच विचारा: आत्या, आपली बाव नेमकी कुठे होती?