लॅपटॉपच्या हॉटस्पॉटवर फोन जोडला की मेसेज जातात, पण व्हॉट्सअ‍ॅप कॉलवर आवाज का तुटतो?

तुम्ही लिहिलंय की जांबोटीकडच्या घरात मोबाइलला रेंज नाही, ब्रॉडबँडची वायर थेट लॅपटॉपला आहे आणि त्याच्या हॉटस्पॉटवर आईचा फोन चालतो. मेसेज, फोटो जातात, रिंगही वाजते; पण कॉल उचलला की ‘रीकनेक्टिंग’ येतं, नाहीतर एकाच बाजूचा आवाज. मी बेळगावात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. खानापूर तालुक्यातून ही तक्रार वरचेवर येते, आणि लोक आधी नवा फोन घ्यायला निघतात. तो खर्च करू नका.

मेसेजचा तुकडा वाटेत हरवला तर तो पुन्हा मागवला जातो; दोन सेकंद उशीर झाला तरी कुणाच्या लक्षात येत नाही. कॉलचा आवाज शक्यतो यूडीपी नावाच्या वेगळ्या पद्धतीनं जातो, तिथं हरवलं ते हरवलं. शब्द पोचायला 150 मिलिसेकंदांच्या वर वेळ लागू लागला की दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. म्हणून फोटो गेला यावरून लाइन कॉललायक आहे असं ठरत नाही.

आधी एवढंच करा: त्याच लॅपटॉपवर व्हॉट्सअ‍ॅपचं विंडोज अ‍ॅप घाला आणि तिथूनच कॉल लावा. स्वच्छ बोलणं झालं तर ब्रॉडबँड ठीक आहे, दोष लॅपटॉप आणि फोन यांच्या मधे. तिथंही तुटला तर फोनच्या सेटिंगमधे वेळ घालवू नका, लाइनवाल्याला बोलवा.

आईचा आवाजच पलीकडे जात नसेल, तर त्यांच्या फोनवर एक व्हॉइस मेसेज रेकॉर्ड करून ऐका. मुका आला तर आधी मायक्रोफोनची परवानगी बंद आहे का ते बघा. अँड्रॉइड 12 पासून वरच्या पट्टीत सगळ्या अ‍ॅपचा माइक एकदम बंद करणारं बटणही असतं, चुकून बोट लागतं. व्हॉइस मेसेज नीट वाजला तर माइक चांगला आहे, अडथळा वाटेत.

वाटेतला अडथळा बहुतेकदा लॅपटॉपवरच सापडतो. व्हीपीएन, म्हणजे इंटरनेट दुसऱ्याच सर्व्हरवरून फिरवून आणणारं अ‍ॅप, असेल तर बंद करा, फोनवरचंसुद्धा. काही अँटिव्हायरसना स्वतःची फायरवॉल, म्हणजे नेटवरची ये-जा अडवणारी चौकी, असते. ती एका कॉलपुरती थांबवून बघा आणि लगेच पुन्हा चालू करा. फरक पडला तर त्यात हॉटस्पॉटच्या नेटवर्कला परवानगी द्या. मग विंडोजच्या मोबाइल हॉटस्पॉटमधे बँड 5 गिगाहर्ट्‌झ करा. आई ब्लूटूथ इअरफोन लावत असतील तर हे नक्की करा, कारण ब्लूटूथ आणि 2.4 गिगाहर्ट्‌झचं वाय-फाय एकाच पट्ट्यात चालतात आणि आवाज खरखरतो.

कॉल कुणाला करता तेही बघा. पुण्याला लागतो आणि दुबईला लागत नाही, असं असेल तर तुमच्याकडे काहीच बिघडलेलं नाही. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपचे कॉल अडवले जातात. तिथं बोटिमसारखी परवाना असलेली अ‍ॅप वापरावी लागतात. आपल्याकडच्या किती घरांतली मुलं आखातात आहेत, त्यांना हे आधीच सांगायला हवं.

एवढं करूनही अडलं तर मधला लॅपटॉप काढून टाका आणि साधा वाय-फाय राउटर घ्या. मी तर आधीच घ्या म्हणेन. म्हाताऱ्या माणसाचा फोन मुलाच्या लॅपटॉपवर अवलंबून राहू नये. तो बाहेर गेला की घर मुकं होतं. राउटर आला की सिमचं वाय-फाय कॉलिंगही चालू करा. एअरटेलनं ते 2019 च्या डिसेंबरात आणि जिओनं 2020 च्या जानेवारीत आणलं. फोनमधे ती सोय असली की घरात रेंज नसतानाही नेहमीच्या नंबरवर साधा कॉल येतो, अ‍ॅप उघडावंच लागत नाही. फक्त लाइट गेली की राउटर आणि ब्रॉडबँडचा डबा दोन्ही बंद पडतात, म्हणून पावसाळ्याआधी दोघांना मिळून एक छोटा यूपीएस लावून घ्या.