'विक्रेता-स्वतंत्र' टूल म्हणजे नक्की कोणापासून स्वतंत्र?

प्रश्न असा आलाय की एफपीजीएच्या, म्हणजे आपल्याला हवं ते सर्किट नंतर भरता येणाऱ्या चिपच्या, मराठी टिपणात 'व्हेंडर-इंडिपेंडंट टूल'ला (टूल म्हणजे इथे सॉफ्टवेअर) 'विक्रेता-स्वतंत्र साधन' लिहिलं तर चालेल का. मला विचाराल तर नको, आणि खरी गोची 'विक्रेता'मध्ये आहे. मुंबईत विक्रेता म्हटलं की लॅमिंग्टन रोडचा दुकानदारच आठवणार, आणि बोर्ड तुम्ही त्याच्याकडून घेतला काय नि शेजारच्याकडून घेतला काय, टूलला त्याचं काही घेणंदेणं नाही. इथे व्हेंडर म्हणजे जिच्या नावाची चिप ती कंपनी. मग 'उत्पादक' म्हणावं तर तेही फसतं, झायलिंक्सने १९८५ मध्ये पहिला एफपीजीए बाजारात आणला तोच मुळी दुसऱ्याच्या फॅबमध्ये (चिपच्या कारखान्यात) बनवून घेऊन. सरळ 'कंपनी' म्हणा.

'स्वतंत्र'चं काय, तर स्वतंत्र खोली म्हणजे वेगळी खोली, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटेल कंपनीने वेगळं टूल दिलंय. 'कंपनी-निरपेक्ष' बरं.

पण तेही सगळ्या टूल्सना सरसकट लावू नका हां. व्हेरिलॉग, व्हीएचडीएल या सर्किट लिहायच्या भाषा निरपेक्षच, सिम्युलेशनला तर चिपही लागत नाही, व्हेरिलेटर किंवा जीएचडीएल हा सिम्युलेटर लॅपटॉपवर चालवा आणि बघा. पुढे मात्र कंपनी आडवी येते. एलईडी लुकलुकवायचं तेच व्हेरिलॉग दोन बोर्डांवर चालेल, पण एलईडी कुठल्या पिनला आहे हे सांगणारी फाइल झायलिंक्सच्या चिपसाठीच्या व्हिवाडो टूलला एक्सडीसी प्रकारची लागते आणि लॅटिस कंपनीच्या आइस-४० चिपच्या ओपन-सोर्स टूल्सना पीसीएफ. शेवटी चिपमध्ये भरायची बिटस्ट्रीम, तिची रचना कंपन्या सहसा सांगत नाहीत, आइस-४०ची तर आइसस्टॉर्म प्रोजेक्टवाल्यांनी २०१५ मध्ये स्वतः उकलून काढली म्हणून व्हेरिलॉगचं सर्किट बनवणाऱ्या योसिसपासून बिटस्ट्रीमपर्यंत सगळं ओपन टूल्सवर करता आलं. आणि नेक्स्टपीएनआर, म्हणजे ते सर्किट चिपवर कुठे बसवायचं नि कसं जोडायचं ते ठरवणारं ओपन टूल, ज्याला लोक बिनधास्त व्हेंडर-इंडिपेंडंट म्हणतात, त्यातही प्रत्येक चिप-फॅमिलीसाठी वेगळा भाग लिहावाच लागतो. म्हणजे ते निरपेक्ष नाही, फक्त एका कंपनीला बांधलेलं नाही.

तेव्हा भाषा आणि सिम्युलेटरला 'कंपनी-निरपेक्ष', आणि नेक्स्टपीएनआरसारख्यांना 'एकाच कंपनीला न बांधलेलं', लांब झालं तरी चालेल. आणि 'साधन' कशाला, लॅबमध्ये पोरं टूलच म्हणतात, तेच राहू द्या.