आधी जांघेत बोटं ठेव

प्रिय डॉक्टर,

उद्यापासून तू इमर्जन्सीत एकटा असशील. एकच गोष्ट सांगतो, ती मला फार महागात शिकायला मिळाली.

साठीच्या एक बाई रात्री आल्या. दोन्ही पाय एकाएकी लुळे पडलेले, बधिर, कमरेखाली असह्य कळा. मी रिफ्लेक्स पाहिले, टाचणी टोचून संवेदना तपासली आणि मणक्याचा एमआरआय सांगितला. तो नॉर्मल आला, पण त्यात तीन तास गेले. मग आमच्या सरांनी पायांवरची चादर बाजूला केली. पाय गारठलेले, मांड्यांवर जांभळट जाळी, जांघेत दोन्हीकडे नाडी नाही. महाधमनी जिथे दुभागते, नेमकी तिथे गुठळी बसली होती. बाई वाचल्या, उजवा पाय मात्र मांडीतून कापावा लागला.

रक्त थांबलं की नसा लवकर मरगळतात, म्हणून हा आजार लकव्याचं सोंग घेतो. शिवाय एकच पाय गार असेल तर दुसऱ्याशी तुलना करून लगेच कळतं. इथे दोन्ही सारखेच, म्हणून काही वेगळं वाटतच नाही. तुलना हातांशी कर.

नाडी कमरेच्या हाडाचं पुढचं टोक आणि जांघेतल्या मधल्या हाडाचा सांधा (प्युबिक सिम्फिसिस) यांच्या मध्यावर शोध. बोटं हलकी ठेव. जोर दिलास तर स्वतःच्याच बोटांतले ठोके लागतात. मॉनिटरवरच्या ठोक्यांशी ताडून बघ. खात्री नसेल तर हातातला डॉप्लर, म्हणजे रक्ताचा प्रवाह ऐकवणारं छोटं यंत्र, लाव.

लागलीच ईसीजी काढ. एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे अनियमित ठोके) किंवा नुकताच येऊन गेलेला हार्ट अटॅक असेल, तर गुठळी हृदयातून आली असण्याची शक्यता मोठी. आधीपासून चालताना पोटऱ्या, ढुंगण दुखायचं का, हेही विचार. अरुंद झालेली धमनी जागच्या जागी गोठूनही बंद होते. छातीत किंवा पाठीत फाटल्यासारखी कळ आली असेल, तर डिसेक्शन, म्हणजे महाधमनीची भिंत आतून फाटणं, मनात आण आणि ते नाही हे कळेपर्यंत हेपरिनला, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाला, हात लावू नकोस. तशी शंका नसेल तर मात्र थांबू नकोस: हेपरिन वजनाच्या किलोला 80 युनिट बोलस (एकदम शिरेतून), मग तासाला किलोमागे 18 युनिट.

सीटी अँजिओ (धमन्या दाखवणारा सीटी) छातीपासून पावलांपर्यंत सांग. क्रिएटिनिनच्या (किडनीच्या तपासणीच्या) रिपोर्टसाठी तो अडवू नकोस. आणि व्हॅस्क्युलर सर्जनला (रक्तवाहिन्यांच्या सर्जनला) फोन सीटीच्या आधीच. नाडी नाही आणि पाय हलत नाहीत, एवढं त्यांना पुरतं. 1963 साली फॉगर्टींचा फुग्याचा कॅथेटर आला, तेव्हापासून जांघेतल्या छोट्या छेदातून गुठळी ओढून काढता येते. पण साधारण सहा तासांनंतर स्नायू परत येतीलच असं नाही. म्हणून दुखणं नेमकं किती वाजता सुरू झालं, ते पेपरवर ठळक लिही.

रक्त सुरू झाल्यावरही पेशंटपासून हलू नकोस. मेलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम आणि आम्ल एकदम हृदयाकडे येतं. ब्लड गॅस पुन्हा पुन्हा कर, मॉनिटरवर टी वेव्ह (पोटॅशियम वाढलं की टोकदार होणारी ईसीजीची लाट) टोकदार होतायत का बघ, लघवी चहाच्या रंगाची होतेय का बघ, आणि पोटऱ्या कडक होतायत का ते दर तासाला दाबून पाहा.

तुझा,
सर