माळ त्यांनी घातली, माझा धसका का जात नाही?

प्रश्न : माझे पती अठरा वर्षे दारू पीत होते. गेल्या आषाढीला ते पंढरपुरात तुळशीची माळ घालून आले आणि तेव्हापासून दारूला शिवलेले नाहीत. सात महिने झाले. सगळे म्हणतात, तुझे नशीब उघडले. पण रात्री कडी वाजली की अजूनही छातीत धस्स होते, घरखर्चाचे पैसे मी अजून तांदळाच्या डब्यातच लपवते आणि पहाटे ते हरिपाठाला बसले की मला आनंदाऐवजी राग येतो. माझे काही चुकते आहे का?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, आपले काहीही चुकत नाही. ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या परस्पर-मदत संघटनेचे एक संस्थापक बिल विल्सन यांना डिसेंबर १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात लख्ख प्रकाशाचा आध्यात्मिक अनुभव आला आणि १९७१ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी पुन्हा दारू घेतली नाही. मात्र पुढे एकदा ते सभेला निघण्याची घाई करू लागले, तेव्हा त्यांच्या पत्नी लोइस यांनी संतापून हातातला बूट त्यांच्यावर फेकला. इतकी वर्षे जीव तोडूनही पतीची दारू सोडवणे जे आपल्याला जमले नाही ते त्या सभेतल्या परक्या माणसांनी करून दाखवले, हे त्यांच्या मनाला लागले होते. त्याच लोइस यांनी १९५१ मध्ये व्यसनी माणसांच्या कुटुंबीयांसाठी ‘अल-अनॉन’ उभारण्यात पुढाकार घेतला. आपला राग याच जातीचा आहे, आणि तो मला अगदी रास्त वाटतो.

त्यांचा निश्चय एका दिवसात झाला असला, तरी तो टिकतो आहे तो रोजच्या हरिपाठावर, पंधरवड्याच्या एकादशीवर आणि माळकऱ्यांच्या सोबतीवर. तेवढा आधार त्यांना राहू द्यावा. विल्सन यांना दारू सुटल्यानंतरही पुढे अनेक वर्षे नैराश्याने ग्रासले होते, म्हणून पतींची झोप उडाली किंवा ते गप्प राहू लागले, तर माळ आहे म्हणून डॉक्टरांकडे जाणे टाळू नये.

आपल्या शरीराने मात्र अठरा वर्षे त्या कडीचा आवाज ओळखायला शिकले आहे. ते सात महिन्यांत विसरावे, अशी अपेक्षा कोणी करू नये, आपणही नाही. पैसे डब्यात ठेवावेसे वाटतात तोवर खुशाल ठेवा. एखाद्या निवांत संध्याकाळी या धसक्याविषयी त्यांना सांगा, आणि रात्री घरी येताना कडीला हात लावण्याआधी अंगणातूनच आपल्याला हाक मारायला सांगा.