पाणी योजनेवर सही करण्याआधी

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. टाकी उभी राहिली, गल्लीबोळांत पाईप पडले, दारोदारी नळ बसले आणि सरकारी निधीचा पुढचा हप्ता न आल्यामुळे कंत्राटदार काम अर्धवट टाकून गेला, हे वाचून वाईट वाटलं. गावकरी रोज तुलाच जाब विचारतात, तेही साहजिक आहे. त्यांच्यासाठी सरकार म्हणजे पाणीपुरवठ्याची अभियंता, म्हणजे तूच. पण मी लिहायला बसलो तो तुझ्या शेवटच्या प्रश्नामुळे. तू विचारलंस की दिल्ली पाण्याच्या योजनांसाठी एकदाच पक्का कायदा का करत नाही? अमेरिकेत आहे, मग आपल्याकडे का नाही?

या प्रश्नाचं उत्तर तुला नीट माहीत असायला हवं, कारण तुझी सगळी नोकरी या उत्तराच्या पोटातच जाणार आहे.

आपल्या राज्यघटनेत पाणी हा राज्यांचा विषय आहे. सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीत १७ व्या नोंदीत पाणीपुरवठा, सिंचन, कालवे, साठवण हे सगळं येतं. केंद्राकडे ५६ वी नोंद आहे, ती आंतरराज्य नद्यांपुरती. म्हणून संसदेला थेट 'भारत पाणीपुरवठा कायदा' करता येत नाही. १९७४ चा जलप्रदूषण कायदासुद्धा आधी काही राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव करून संसदेला तशी विनंती केली, तेव्हा अनुच्छेद २५२ खाली झाला. १९५६ चा नदी मंडळ कायदा आहे, पण त्याखाली एकही मंडळ कधी स्थापन झालं नाही. २०१६ साली राष्ट्रीय जल आराखडा विधेयकाचा चांगला मसुदा तयार झाला होता. तो मसुदाच राहिला. आणि ७३ व्या घटनादुरुस्तीने पिण्याचं पाणी अकराव्या अनुसूचीत घालून पंचायतींच्या कामांत आणलं. म्हणजे अधिकार राज्याचा, काम पंचायतीचं, आणि मोठा पैसा दिल्लीचा.

दिल्लीच्या हातात उरतो तो हाच, पैसा. कायद्याने जे सांगता येत नाही ते निधीच्या अटींतून सांगायचं, ही १९७२-७३ पासूनची रीत आहे. त्या वर्षी त्वरित ग्रामीण पाणीपुरवठा कार्यक्रम आला. १९८६ मध्ये पेयजल मिशन, २००२ मध्ये स्वजलधारा, २००९ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण पेयजल कार्यक्रम, आणि १५ ऑगस्ट २०१९ रोजी जलजीवन मिशन. प्रत्येक वेळी गावं 'पूर्ण' झाली आणि काही वर्षांत परत टंचाई आराखड्यात आली. यातल्या एका टप्प्याचा हिशेब महालेखापरीक्षकांनी मांडला आहे, तो तू पाठ कर असं मी म्हणेन. २०१२ ते २०१७ या काळात देशभर ८१,१६८ कोटी रुपये खर्च झाले आणि माणशी ५५ लिटर पाणी मिळणाऱ्या वस्त्यांचं प्रमाण वाढलं अवघं साडेपाच टक्क्यांनी. पैसा कमी पडला म्हणून एवढंच घडलं, असं कुणी म्हणू शकणार नाही.

जलजीवन मिशनबद्दल तुझ्या पत्रात राग आहे, तरी त्याचं श्रेय मी काढून घेणार नाही. मिशन सुरू झालं तेव्हा देशातल्या साधारण १९ कोटी ग्रामीण घरांपैकी ३ कोटी २३ लाख घरांत नळ होता. आज तो आकडा १५ कोटींच्या वर गेला आहे. ज्या बाईने आयुष्यभर डोक्यावरून पाणी वाहिलं तिच्या दारात नळ आला, ही गोष्ट मोठी आहे आणि ती घडवणाऱ्यांत तू आहेस. ३ लाख ६० हजार कोटींचा आराखडा, त्यात केंद्राचे २ लाख ८ हजार कोटी. आपल्यासारख्या राज्याला निम्मा वाटा घालावा लागतो. गावातल्या अंतर्गत कामाच्या खर्चात दहा टक्के लोकवर्गणी, डोंगरी आणि आदिवासी गावांत पाच टक्के. गाव समितीत निम्म्या स्त्रिया. पाणी तपासायला प्रत्येक गावात पाच बायकांना प्रशिक्षण. कागदावर यापेक्षा शहाणी योजना मी पाहिलेली नाही.

पण याच कागदात एक गोष्ट शोध: महिन्याचं वीजबिल कोण भरणार? पाणी सोडणाऱ्या माणसाचा पगार कुठून येणार? जळालेली मोटर कोण रिवाइंड करून आणणार? मिशनचा पैसा विहिरीला, वाहिनीला, टाकीला, नळाला. पुढचं सगळं ग्रामपंचायतीचं. दिल्लीलाही हे उशिरा का होईना दिसलं. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात मिशनला २०२८ पर्यंत मुदत देताना बांधकामाची गुणवत्ता आणि देखभाल-दुरुस्ती यांवर भर राहील आणि त्यासाठी राज्यांशी वेगळे करार होतील, असं सांगितलं गेलं. हप्ता आज ना उद्या येईल. मला काळजी आहे ती त्यानंतरची.

म्हणून तुला एक हिशेब शिकवतो. तो अंदाजपत्रकात कुणी मागत नाही, तरी तू प्रत्येक योजनेच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. समज, १५०० वस्तीचं गाव आहे. माणशी ५५ लिटर म्हणजे रोज ८२,५०० लिटर. विहिरीपासून टाकीपर्यंत घर्षण धरून ६० मीटर हेड आहे, म्हणजे पाणी तेवढ्या उंचीवर चढवायचं आहे. एवढं पाणी नुसतं वर चढवायला साडेतेरा युनिट लागतात. पंप आणि मोटर यांची मिळून कार्यक्षमता ६० टक्के धर, म्हणजे रोजचे साडेबावीस युनिट, महिन्याला पावणेसातशे. त्याला तिथला पाणीपुरवठ्याचा वीजदर लाव. त्यात पाणी सोडणाऱ्याचा पगार, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर, व्हॉल्व्ह-पॅकिंग, आणि मोटरसाठी वर्षाला बाजूला टाकायची रक्कम मिळव. बेरजेला घरांच्या संख्येने भाग दे. जो आकडा येईल तीच त्या गावची खरी पाणीपट्टी. तो आकडा ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखव, आणि तो पाईप पडायच्या आधी वाचून दाखव. नंतर सांगितलास तर लोकांना तो दंड वाटतो, आधी सांगितलास तर त्यावर ते वाद घालतात. तो वाद फार मोलाचा असतो. टाकी गावाच्या वरच्या अंगाला घेऊन हेड दहा मीटरने कमी करता येईल का, खालच्या वाडीला गुरुत्वाने पाणी जाईल का, हे प्रश्न गावातली माणसं तिथे विचारतात, आणि अनेकदा त्यांचं बरोबर असतं.

आता तुझ्या अमेरिकेकडे वळतो. तिकडेही पाईप आणि टाक्या शहरांच्या आणि लहान गावांच्याच मालकीच्या असतात, त्यांच्या केंद्राच्या नव्हेत. १९७२ च्या स्वच्छ पाणी कायद्याने सांडपाणी केंद्रांसाठी मोठी अनुदानं दिली. १९८७ मध्ये त्यांनी ती पद्धत बदलली. केंद्र राज्याला भांडवल देतं, राज्य त्यात आपले २० टक्के घालतं, आणि त्या फिरत्या निधीतून गावांना स्वस्त कर्ज मिळतं. फेडलेले पैसे पुढच्या गावाला जातात. १९९६ मध्ये पिण्याच्या पाण्यालाही तीच रीत लावली. १९९६ च्या त्या कायद्यातली एक अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: नवी योजना चालवायची तांत्रिक, व्यवस्थापकीय आणि आर्थिक कुवत त्या संस्थेकडे आहे, याची खात्री करणारी व्यवस्था राज्याने उभी केली नाही, तर राज्याच्या निधीतला २० टक्के भाग अडवता येतो. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने पाण्यासाठी पन्नास अब्ज डॉलरहून अधिक रक्कम दिली, त्यातले १५ अब्ज शिशाच्या जुन्या नळजोडण्या बदलायला. म्हणजे श्रीमंत देशातही जुने पाईप साचत गेले. आपल्या गावांना कर्ज काढायला लाव, असं मी म्हणत नाही. मेळघाटातल्या पाड्याला कर्जाचा हप्ता झेपणार नाही, तिथे अनुदानच हवं. पण 'चालवायची कुवत आहे का' हा प्रश्न पैशाच्या आधी विचारायचा, एवढं त्यांच्याकडून जरूर घ्यावं. आपल्याकडे तो विचारणारा कायदा नाही. तोवर तो तू विचार.

उद्भवाबद्दल, म्हणजे योजनेच्या पाण्याच्या स्रोताबद्दल, जरा सविस्तर लिहितो, कारण महाराष्ट्रात योजना मरते ती बहुतेक तिथे. राज्याचा चार पंचमांशाहून थोडा अधिक भाग काळ्या पाषाणाचा आहे. या खडकात पाणी राहतं ते भेगांत आणि वरच्या मुरमाच्या थरात. पावसाळ्यानंतर विहीर काठोकाठ दिसते आणि मार्चमध्ये तळ दाखवते. उद्भवाची क्षमता चाचणी दिवाळीच्या सुमाराला घेतली तर कागद खरा आणि योजना खोटी, अशी गत होते. तुझ्या हातात असेल तिथे चाचणी एप्रिल-मेमध्येच घे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे निरीक्षण विहिरींच्या जुन्या नोंदी असतात. त्यांच्या भूवैज्ञानिकाबरोबर एक दिवस पायी फिर. ओढ्याच्या कुठल्या बाजूला मुरूम जाड आहे हे तो जागेवर दाखवेल. अहवाल टपालाने मागवून हे कळत नाही. आणि खारपाणपट्ट्यात किंवा यवतमाळ, चंद्रपूरच्या फ्लोराइडच्या पट्ट्यात बदली झालीच, तर पाणी किती यासोबत पाणी कसं, हे आधी पाहा.

उद्भवाला कायद्याचं संरक्षण आहे, हे आपल्याच खात्यातले कित्येकजण विसरतात. १९९३ च्या राज्याच्या भूजल कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर खोदायला मनाई केली. पुढचा, २००९ चा व्यापक भूजल कायदा २०१४ साली लागू झाला. तुझ्या विहिरीशेजारी नवी बोअर पडताना दिसली की तोंडी सांगून थांबू नकोस. त्याच दिवशी अंतर मोज, पंचनामा करून घे आणि तहसीलदारांना लेखी कळव. गावात कटुता येईल, हे मी जाणतो. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव आधीच करून ठेवलेला असावा, म्हणजे नियम तुझा एकटीचा राहत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने हेच गावाच्या बळावर केलं: शेतीसाठी बोअर नाही, आणि दरवर्षी पावसाचा ताळेबंद मांडून कोणती पिकं घ्यायची ते गावाने ठरवायचं. पोपटराव पवारांचं नाव सगळे घेतात. त्यांच्या गावातला तो फळ्यावरचा पाण्याचा हिशेब मात्र फार थोड्या गावांनी उचलला.

पैशाचं अजून एक. ग्रामपंचायती 'आमच्याकडे निधी नाही' म्हणतात तेव्हा विश्वास ठेव, पण वहीही बघ. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी पंचायतींना दिलेल्या अनुदानातले ६० टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांवरच खर्चायचे होते, निम्मे पाण्यासाठी आणि निम्मे स्वच्छतेसाठी. कित्येक गावांत पाण्याचा बंधित निधी शिल्लक पडून आणि मोटर बंद, असं चित्र असतं. ग्रामसेवकाबरोबर बसून आराखड्यात देखभालीची तरतूद करून घेणं, हे तुझ्या कामाच्या यादीत लिहिलेलं नाही. तरी ते कर. पाणीपट्टी लोक भरत नाहीत हेही सरसकट खरं नाही. कराडजवळच्या मलकापूरने घरोघरी मीटर बसवले, जास्त वापराला चढा दर लावला आणि चोवीस तास पाणी दिलं. पाणी वेळेवर, स्वच्छ आणि पुरेशा दाबाने आलं की लोक पैसे देतात. आठवड्यातून एकदा गढूळ येणाऱ्या पाण्याची पट्टी मागायला जाशील तर तुला दारातूनच परत पाठवतील, आणि ते योग्यच आहे.

शेवटी तुझ्या सहीबद्दल. मार्चअखेर आला की तुझ्यावर दबाव येईल: वाहिनीची चाचणी राहिली आहे, पण मोजमाप पुस्तकात नोंद घाल, बिल निघू दे. चर बुजवण्याआधी दाबाची चाचणी झाली नसेल तर नोंद घालू नकोस. पाईप ठरलेल्या खोलीवर नसेल तर पुढच्या वर्षीच्या पहिल्या नांगरटीत फुटतो, आणि तोवर कंत्राटदाराची सुरक्षा ठेवसुद्धा परत गेलेली असू शकते. तू पाहिलेलं नाहीस ते लिहू नकोस. वरिष्ठ रागावतील तेव्हा तोंडी वाद घालू नकोस, कारण लिहून दे आणि प्रत ठेव. घरोघरी नळाचं पाणी पोहोचलं असा 'हर घर जल'चा ठराव करायला ग्रामसभा घाई करेल, तेव्हा गावाच्या शेवटच्या टोकाच्या चार घरांतल्या बायकांना आधी विचार की बादली किती वेळात भरते. घड्याळ लावून मोज. ठरावापेक्षा तो आकडा मी जास्त मानतो, आणि तूही मानावास असं मला मनापासून वाटतं.

अडलेल्या योजनेचं तातडीने इतकं कर: झालेलं आणि राहिलेलं काम वेगळं करून सरपंचांच्या आणि समितीच्या सह्यांनिशी संयुक्त पाहणीचा कागद तयार कर. उघड्या पडलेल्या पाईपांची तोंडं बंद करून घे, नाहीतर पावसात त्यांत गाळ जाईल. आणि हप्त्याची वाट पाहताना या मे महिन्यातच विहिरीची चाचणी उरकून घे. पंप किती तास चालला, पातळी किती खाली गेली आणि परत भरायला किती वेळ लागला, हे तिन्ही आकडे मला कळव. आपण दोघं मिळून बघू, ती विहीर तुझ्या गावाला पुरते की शेजारी दुसरी धरावी लागेल.

तुझा,
काका