वाचकांचे प्रश्न : आयडल एअर कंट्रोल व्हॉल्व्ह नेमका कुठे असतो?

प्रश्न : मी टेक्सासमधील ह्यूस्टन येथे राहतो. शेवरोले सी 1500 हा 1994 सालचा जुना पिकअप ट्रक मी विकत घेतला असून त्यात 5.7 लिटरचे व्ही 8 पेट्रोल इंजिन आहे. सिग्नलला गाडी थांबवली, गिअर ‘डी’मध्येच ठेवला आणि एसी चालू असला की आयडल (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन फिरते तो वेग) खाली येत जाते आणि इंजिन बंद पडते. गॅरेजवाल्याने ‘आयडल एअर कंट्रोल व्हॉल्व्ह बदला’ असे सांगितले. हे काम मला स्वतः करून पाहायचे आहे, परंतु इंजिनाला हवा वाटून देणाऱ्या मॅनिफोल्डभोवतीच्या सगळ्या नळ्या तपासूनही तो व्हॉल्व्ह मला सापडलेला नाही. तो कुठे असतो?

उत्तर : आपण नळ्यांच्या मागे गेलात, म्हणून तो सापडला नाही. काही कंपन्यांच्या गाड्यांमध्ये हा व्हॉल्व्ह थ्रॉटल बॉडीपासून (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या भागापासून) दूर बसवलेला असतो आणि त्याला रबरी नळ्या जोडलेल्या असतात; आपल्या ट्रकमध्ये मात्र तो थेट थ्रॉटल बॉडीच्या अंगातच आटे पाडून बसवलेला आहे. इंजिनाच्या मधोमध असलेले एअर क्लीनरचे मोठे गोल भांडे विंग नट सोडवून उचलून बाजूला ठेवा. खाली ॲल्युमिनियमची थ्रॉटल बॉडी दिसेल आणि वरून पाहिल्यास तिच्यात शेजारी शेजारी बसवलेले दोन इंजेक्टर दिसतील. तिच्या बाजूने बाहेर आलेला, अंगठ्याहून जाड, आखूड आणि गोलसर असा जो भाग दिसेल, ज्याच्या बुडाशी मोठा षटकोन आहे आणि मागच्या टोकाला कपलर (वायरींची जोडणी) लावलेला आहे, तोच हा व्हॉल्व्ह.

ओळख पक्की करण्यासाठी कपलरमधील वायरी मोजाव्यात, कारण याच परिसरात त्याच्यासारखे भासणारे इतरही भाग असतात. आपल्या व्हॉल्व्हला चार वायरी असतात : दोन फिकट निळ्या आणि दोन फिकट हिरव्या, आणि त्यांवर पांढऱ्या किंवा काळ्या रेघा. थ्रॉटलच्या दांड्याच्या टोकाशी, ॲक्सिलरेटरची केबल जोडलेली आहे त्याच्या विरुद्ध बाजूला, जो भाग बसवलेला आहे तो थ्रॉटल पोझिशन सेन्सर होय आणि त्याला तीनच वायरी असतात. मॅनिफोल्डमधील हवेचा दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरलाही तीनच वायरी असतात, पण त्याला व्हॅक्यूमची बारीक नळीही जोडलेली असते. पुष्कळदा या गोंधळात चांगला सेन्सर बदलला जातो आणि मूळ दोष तसाच राहतो.

आता तो काय करतो ते थोडक्यात पाहू, म्हणजे पुढची काळजी का घ्यायची हे लक्षात येईल. पाय ॲक्सिलरेटरवर नसताना थ्रॉटलची पाती जवळपास बंद असते आणि इंजिनाला लागणारी हवा तिला वळसा घालून जाणाऱ्या एका लहान वाटेने येते. व्हॉल्व्हच्या आत ठरावीक पावलांनी फिरणारी एक लहान स्टेपर मोटर असून ती शंकूच्या आकाराचे टोक त्या वाटेत पुढेमागे सरकवते. एसी चालू झाला किंवा गिअर पडला की इंजिनावर भार येतो. तेव्हा कंप्युटर ते टोक मागे घेऊन हवा वाढवतो. त्या वाटेत काजळी साचली किंवा टोक अडकले की हवा पुरत नाही, आणि आपण वर्णन केले आहे तसेच घडते. मात्र टोक प्रत्यक्ष कुठे आहे हे सांगणारा कोणताही सेन्सर या व्हॉल्व्हमध्ये नसतो. कंप्युटर केवळ मोटरला किती पावले फिरवले याचा हिशेब ठेवतो, म्हणून इंजिन चालू असताना कपलर कधीही काढू नये.

नवा व्हॉल्व्ह विकत घेण्याआधी जुना स्वच्छ करून पाहावा, असे माझे ठाम मत आहे. इंजिन थंड होऊ द्यावे, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी, कपलर सोडवावा आणि 32 मिलिमीटरच्या पान्याने व्हॉल्व्ह फिरवून बाहेर काढावा. काजळी टोकावर, तसेच थ्रॉटल बॉडीमधील त्याच्या बैठकीवर आणि हवेच्या वाटेतही असते. ती कार्बोरेटर क्लीनर, मऊ ब्रश आणि फडके यांनी काढावी. व्हॉल्व्ह द्रवात बुडवून ठेवू नये, कारण आत मोटर आहे. वापरलेल्या व्हॉल्व्हचे टोक हाताने दाबू किंवा ओढू नये, कारण त्यामुळे आतले बारीक आटे खराब होतात आणि चांगला व्हॉल्व्ह कायमचा निकामी होतो. मल्टिमीटर असल्यास व्हॉल्व्हच्या ए आणि बी, तसेच सी आणि डी या पिनांमधील रोध मोजावा. तो 40 ते 80 ओहम असावा आणि बी व सी यांच्यामध्ये जोड दाखवू नये. तसे नसेल तर मात्र व्हॉल्व्ह बदलणेच योग्य.

नवा घेताना टोकाचा आकार आणि जाडी जुन्यासारखीच आहे ना, हे दोन्ही शेजारी धरून पाहावे. बसवण्यापूर्वी टोक व्हॉल्व्ह थ्रॉटल बॉडीला जिथे टेकतो त्या पृष्ठभागापासून 28 मिलिमीटरपेक्षा जास्त बाहेर आलेले नसावे. नव्या व्हॉल्व्हचे टोक बोटाने हलकेच दाबून आत घेता येते. पॅकिंग नवे घालावे आणि व्हॉल्व्ह सुमारे 18 न्यूटन-मीटर एवढाच आवळावा, कारण थ्रॉटल बॉडी ॲल्युमिनियमची असल्याने जास्त जोर लावल्यास आटे जातात. बॅटरी जोडल्यावर इंजिन काही सेकंद चालवून बंद करावे, दहा सेकंद थांबावे आणि पुन्हा सुरू करावे, म्हणजे कंप्युटरचा पावलांचा हिशेब नव्याने लागतो.

थ्रॉटलच्या पातीला टेकणारा जो स्क्रू कारखान्यात टोपण ठोकून बंद केलेला असतो, त्याला हात लावू नये. तो फिरवून आयडल तात्पुरते वाढते, पण दोष झाकला जातो. एवढे करूनही त्रास राहिला, किंवा आयडल उलट नको तेवढे चढे राहू लागले, तर थ्रॉटल बॉडीखालचे पॅकिंग, पीसीव्हीची नळी (इंजिनातील वाफा पुन्हा आत ओढणारी) आणि ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरची नळी यांतून बाहेरची हवा आत शिरते का ते तपासावे. ब्रेक दाबताच आयडल बदलत असेल तर आधी बूस्टरकडे पाहावे.

प्रश्न : नाशिकला माझा डिझेल पिकअप आहे. त्याचेही आयडलिंग सारखे वरखाली होते. त्यात हा व्हॉल्व्ह कुठे असेल?

उत्तर : आपल्या गाडीत तो नाही. डिझेल इंजिनात वेग हवा रोखून नव्हे, तर डिझेल किती फवारायचे यावरून राखला जातो, त्यामुळे आयडलसाठी हवेची वेगळी वाट लागत नाही. काही नव्या डिझेल इंजिनांच्या हवेच्या नळीत एक झडप दिसते, परंतु तिचे काम ईजीआरला (जळालेला वायू पुन्हा इंजिनात पाठवणाऱ्या व्यवस्थेला) मदत करणे आणि इंजिन धक्का न बसता बंद करणे हे असते. आपण प्रथम डिझेल फिल्टरमधील पाणी काढावे, टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत हवा शिरत नाही ना ते पाहावे, त्यानंतर ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने अडकला आहे का ते तपासावे आणि इंजेक्टर सर्वांत शेवटी, तपासणीची सोय असलेल्या पंप-नोझलच्या दुकानातच उघडायला द्यावेत.